४३२ हर्ट्झ स्वरमान

४३२ हर्ट्झ स्वरमान : हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील पांढरी सहा सेकंदाला ४४० ऐवजी ४३२ आंदोलनांवर ठेवून संगीत रचण्याची, किंवा आधी तयार झालेले संगीत तेवढे उतरवून ऐकण्याची पद्धत. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर हा उतार सुमारे ३२ सेंटांचा होतो. ८१/८० या गुणोत्तराची प्रमाणश्रुती २१.५ सेंटांची असते. तिच्या जवळजवळ दीडपट. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली तर तयार कानाला फरक चटकन कळतो. एकच रूप ऐकवले तर ते कोणते, हे बहुतेकांना सांगता येत नाही.

ही हौस इलेक्ट्रॉनिक संगीताभोवती वाढली, याचे कारण साधनांत आहे. तंबोऱ्याची तार उतरवली की जवारी पुन्हा पाहावी लागते, बासरी तर दुसरीच घ्यावी लागते. सिंथेसायझरमध्ये मात्र मूळ आकडा बदलला की सगळे स्वर एकदम खाली येतात. रचनाकाराने स्वतः असे केले तर नादाला काहीच धक्का लागत नाही. श्रोत्याच्या हाती तयार ध्वनिमुद्रण असते आणि त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली, ते सावकाश वाजवणे : स्वर १.८ टक्क्यांनी उतरतो, पण मिनिटाला १२८ ठोक्यांची लय १२५.७ वर येते आणि चार मिनिटांची रचना जवळजवळ साडेचार सेकंदांनी लांबते. दुसरी, लय तीच ठेवून संगणकाकडून फक्त स्वर उतरवून घेणे. यात आवाजाचे बारीक तुकडे पुन्हा सांधले जातात आणि नृत्यसंगीताचा जीव असलेला खर्जातला धारदार ठोका थोडा पसरट होऊ शकतो. ऐकणाऱ्याला जो निवांतपणा जाणवतो तो खरा असतो. त्याचे श्रेय मात्र आकड्याआधी मंदावलेल्या लयीला आणि बोथटलेल्या ठोक्याला द्यायला हवे.

४४० हा आकडाही अनादी नाही. जर्मन नादसंशोधक योहान शाइब्लर यांनी तो १८३४ मध्ये श्टुटगार्टला सुचवला. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ सरकारी हुकमाने ठरवले, तर १८८४ मध्ये इटालियन ऑपेरा-रचनाकार व्हेर्दी यांनी ४३२ ला पाठिंबा दिला. वाद्यवृंदांचे स्वरमान चढत चालले होते आणि गायकांच्या गळ्यांवर ताण येत होता, ही त्या वादामागची खरी काळजी. १९३९ च्या लंडन परिषदेने ४४० मान्य केले, १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते स्वीकारले. माणसे अस्वस्थ व्हावीत म्हणून नाझींनी ४४० लादले, या फिरत्या कथेला आधार नाही. शाइब्लर यांची शिफारस त्याच्या शंभर वर्षे आधीची आहे.

४३२ ला निसर्गाचा स्वर म्हणणाऱ्यांचा भर २५६ वर असतो. षड्ज २५६ धरून २७/१६ या प्रमाणात धैवत काढला की नेमके ४३२ येतात. महाराष्ट्रातल्या संगीत विद्यार्थ्यांना हे प्रमाण परके नाही : पाठ्यपुस्तकांत मध्य षड्ज २४० आणि धैवत ४०५ मानतात, तेही २७/१६ च. षड्ज हलला की धैवत हलणारच. एकट्या ४३२ मध्ये काही साठवलेले नाही. सिंथेसायझरच्या समान अंतराच्या बारा स्वरांत तर ४३२ सोबतची पांढरी एक २५६ वर न येता २५६.९ वर येते. शिवाय आंदोलने मोजायचा सेकंदच माणसाने ठरवलेला आहे. आरोग्याच्या दाव्यांबाबत, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन प्राथमिक अभ्यासात ३३ जणांना चित्रपटांचे संगीत दोन्ही स्वरमानांत ऐकवले होते. ४३२ ऐकताना हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे पाचाने कमी भरले. पुढे शोध घ्यावा इतपत ते लक्षणीय आहे. त्यावर उपचार उभारता येणार नाहीत.

आपल्या हिंदुस्थानी गाण्यात मात्र गायकाला आधी विचारतात ती त्याची पट्टी : काळी एक, पांढरी दोन, काळी चार. गळा मोकळा सुटतो तिथे षड्ज, आणि तंबोरा त्या गळ्याप्रमाणे. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यालाही सूक्ष्म जुळणीची सोय असते, त्यामुळे तीस सेंट वरखाली होणे ही रोजचीच गोष्ट आहे. नाशिक ढोलावर बांधलेले रिमिक्स ४३२ वर उतरवले तर ढोलाचा बदल कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण त्या नादाला ठाम स्वर नसतो. वर गाणारा आवाज मात्र जाडसर झालेला ओळखू येतो.

डॉ. विद्याधर ओक यांची २२ श्रुतींची हार्मोनियम हा ४३२ च्या हौसेहून वेगळा आणि अधिक खोल प्रयत्न आहे. तिथे स्वरांमधली अंतरेच दुरुस्त होतात. ४३२ वर सगळी इमारत एकसाथ खाली सरकते. समान बारा स्वरांतला शुद्ध गंधार सुमारे १४ सेंटांनी चढा असतो, तो तितकाच चढा राहतो.

४३२ वर उतरवलेले संगीत लावून त्याच्याबरोबर रियाज करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. पेटीच्या पत्त्या साधारण ४४० च्या मानाने लावलेल्या असतात आणि वाजवताना त्या उतरवता येत नाहीत. ४३२ च्या ध्वनिमुद्रणासोबत तीच पांढरी सहा दाबली तर सेकंदाला आठ वेळा आवाज फुगताना आणि ओसरताना ऐकू येतो. अशा वेळी पेटी बाजूला ठेवून तानपुरा ३२ सेंट उतरवून घ्यावा.