यंत्राशी संवाद साधणारा पडदा : एचएमआय पॅनेलची निवड आणि प्रोग्रामिंग

चाकण, भोसरी, वाळूज किंवा बुटीबोरी येथील एखाद्या कारखान्यात पाऊल टाकले की यंत्राच्या दर्शनी भागावर बसविलेला एक लहानसा रंगीत पडदा हमखास दृष्टीस पडतो. भट्टीचे तापमान, टाकीतील पातळी, मोटारीचा वेग, दिवसभरातील उत्पादनाची संख्या असा सारा तपशील त्यावर उमटत असतो आणि ऑपरेटर बोटाच्या स्पर्शाने यंत्राला आदेश देत असतो. उद्योगजगतात हे उपकरण 'एचएमआय' म्हणजे ह्यूमन मशीन इंटरफेस या नावाने ओळखले जाते. मोबाइल फोनसारखे भासणारे हे पॅनेल निवडताना आणि त्याचे प्रोग्रामिंग करताना झालेली चूक पुढे उत्पादनाच्या, प्रसंगी जीविताच्याही मुळावर येऊ शकते. त्यामुळे लघुउद्योजक, देखभाल विभागातील तंत्रज्ञ आणि या क्षेत्रात येऊ इच्छिणारे विद्यार्थी या सर्वांनाच त्याची मूलभूत माहिती असणे अगत्याचे आहे.

मेंदू वेगळा, चेहरा वेगळा

पूर्वी यंत्राचे नियंत्रण रिले, दिवे आणि बटणे यांनी भरलेल्या कपाटातून होत असे. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९६८ मध्ये रिलेंना पर्याय मागितला आणि त्यातून 'मोडिकॉन ०८४' हा प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी आकारास आला. संवेदकांकडून माहिती घेणे, निर्णय करणे आणि मोटार वा व्हॉल्व्ह चालविणे ही कामे पीएलसी करतो. एचएमआय हा त्या मेंदूचा चेहरा होय. पीएलसीच्या स्मृतीतील आकडे तो माणसाला समजतील अशा रूपात दाखवितो आणि माणसाचा आदेश त्या स्मृतीत नेऊन ठेवतो.

ही विभागणी ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. पडदा बंद पडला तरी यंत्र सुरक्षित राहिले पाहिजे. म्हणूनच सुरक्षेचे सर्व इंटरलॉक पीएलसीत किंवा स्वतंत्र सुरक्षा रिलेत असावेत. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण तर नेहमी तारेने जोडलेले प्रत्यक्ष बटणच असावे लागते. पडद्यावर काढलेले चित्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

पडद्याने दिशाभूल केली तर?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी झालेला अपघात या विषयात आजही धडा म्हणून शिकविला जातो. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून पडला होता. नियंत्रण कक्षातील दिवा मात्र तो बंद असल्याचे सुचवीत होता. वस्तुतः तो दिवा व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नव्हता. व्हॉल्व्हला 'बंद हो' असा विद्युत संकेत गेला आहे, एवढेच तो सांगत होता. त्यातच शंभराहून अधिक अलार्म एकाच वेळी वाजू लागले. दोन तासांहून अधिक काळ खरी परिस्थिती कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आली नाही आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी झालेल्या स्फोटात १५ जण मृत्युमुखी पडले आणि सुमारे १८० जखमी झाले. मनोऱ्यात किती द्रव जात आहे आणि किती बाहेर पडत आहे हे दोन आकडे संगणकाच्या वेगवेगळ्या स्क्रीनवर होते. मनोरा भरून वाहू लागल्याचे लक्षात न येण्यामागील अनेक कारणांपैकी हे एक होते.

या दोन्ही घटनांचे सार प्रत्येक प्रोग्रामरने गाठीशी बांधावे असे आहे. आदेश दिला आणि काम झाले या दोन वेगळ्या गोष्टी असून पडद्यावर त्या वेगवेगळ्या दिसाव्यात. तसेच ज्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करावयाची, ते एकाच स्क्रीनवर असावेत.

निवड कशी करावी?

पहिला प्रश्न पडद्याच्या आकाराचा नसून भाषेचा असतो. कारखान्यातील पीएलसी ज्या प्रोटोकॉलमध्ये बोलतो तो पॅनेलला यावयास हवा. १९७९ मध्ये मोडिकॉनने आणलेला मॉडबस हा आजही सर्वाधिक परिचित समान दुवा आहे. प्रोफिनेट, इथरनेट/आयपी आणि ओपीसी यूए हे अन्य प्रचलित पर्याय आहेत. पीएलसी आणि पॅनेल एकाच कंपनीचे घेतल्यास जोडणी सोपी होते, पण ग्राहक त्या कंपनीशी बांधला जातो. सीमेन्सचे सिमॅटिक, रॉकवेलचे पॅनेलव्ह्यू, मित्सुबिशीचे जीओटी हे या प्रकारातील परिचित संच होत. तैवानच्या वेनटेकची किंवा जपानमध्ये स्थापन झालेल्या आणि २००२ मध्ये श्नायडरच्या छत्राखाली आलेल्या प्रो-फेसची पॅनेल्स अनेक कंपन्यांच्या पीएलसींशी जुळवून घेतात. जुनी-नवी, निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे असलेल्या कारखान्याला ही सोय मोलाची ठरते.

दुसरा निकष परिसराचा. पॅनेलच्या दर्शनी भागाला सामान्यतः आयपी ६५ दर्जाचे संरक्षण असते. धूळ आत शिरत नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो, असा त्याचा अर्थ. पण हा दर्जा केवळ पुढील बाजूचा असून मागील बाजूस तो बहुधा आयपी २० एवढाच असतो. गास्केट नीट न बसवता पॅनेल लावले तर पुढच्या दर्जालाही अर्थ उरत नाही. बहुतेक पॅनेल्स ५० अंश सेल्सियसपर्यंत चालतात. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधील बंद कपाटात ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. अशा ठिकाणी हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था खरेदीबरोबरच करावी.

स्पर्शाचा प्रकारही पाहावा. रेझिस्टिव्ह पडदा दाबाने चालत असल्याने जाड हातमोजे घातलेल्या कामगाराला सोयीचा पडतो. कपॅसिटिव्ह पडदा मोबाइलसारखा तरल असला तरी साधे हातमोजे किंवा पाण्याचे थेंब त्याला गोंधळात टाकू शकतात. आकाराच्या बाबतीत ४.३ इंची पडदा दोन-चार आकड्यांच्या लहान यंत्राला पुरतो. सात आणि दहा इंची पॅनेल्स सर्वसाधारण कामासाठी घेतली जातात.

तिसरा निकष सॉफ्टवेअरचा. पॅनेल स्वस्त आणि त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना महाग, असा अनुभव अनेकांना येतो. वेनटेकचे ईझीबिल्डर प्रो किंवा डेल्टाचे डॉपसॉफ्ट विनामूल्य मिळते. सीमेन्सचे टीआयए पोर्टल परवान्यावर मिळते, मात्र २१ दिवसांची चाचणी आवृत्ती उपलब्ध असते.

प्रोग्रामिंगची वाट

एचएमआयचे प्रोग्रामिंग हे बरेचसे मांडणीचे काम आहे. प्रथम पॅनेल आणि पीएलसी यांची जोडणी ठरवावयाची. त्यानंतर 'टॅग' तयार करावयाचे. टॅग म्हणजे पीएलसीच्या स्मृतीतील विशिष्ट जागेला दिलेले नाव. मग स्क्रीनवर बटणे, आकडे, आलेख ठेवून प्रत्येकाला टॅग जोडावयाचा. पुढील टप्प्यात अलार्म, रेसिपी म्हणजे उत्पादनागणिक बदलणाऱ्या मूल्यांचे संच, पासवर्ड आणि नोंदी येतात. गुंतागुंतीच्या कामासाठी स्क्रिप्ट लिहिता येते. सीमेन्सच्या कम्फर्ट मालिकेत त्यासाठी व्हीबीस्क्रिप्ट आहे, तर युनिफाइड मालिकेत जावास्क्रिप्ट.

नवशिक्यांची गाडी अडते ती ठरावीक ठिकाणी. मॉडबसच्या पुस्तिकेत पत्ता ४०००१ असा छापलेला असतो, प्रत्यक्ष संदेशात तोच शून्य क्रमांकाने जातो. एका अंकाच्या या फरकाने शेजारचाच आकडा पडद्यावर येतो. ३२ बिटांची संख्या दोन शब्दांत विभागली जाते आणि त्यांचा क्रम उलटा लागला की तापमानाच्या जागी अर्थहीन संख्या झळकते. 'दाबून ठेवले तरच चालू' या प्रकारच्या बटणात अधिक मोठा धोका आहे. बटण दाबलेले असताना केबल निसटली तर 'सोडले' हा संदेश पीएलसीपर्यंत पोहोचतच नाही आणि मोटार फिरत राहू शकते. त्याचप्रमाणे संपर्क तुटल्यावर जुना आकडा पडद्यावर तसाच राहू नये, याची दक्षता घ्यावी लागते. यासाठी दर सेकंदाला बदलणारा एक 'हार्टबीट' टॅग ठेवण्याची पद्धत आहे. तो थांबला की पीएलसी यंत्र सुरक्षित स्थितीत नेतो आणि पडदा इशारा देतो.

रंगांचा संयम हाही शिकण्याचा भाग आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसए-१०१ हे अमेरिकी मानक एचएमआयच्या रचनेविषयी आहे. शांत राखाडी पार्श्वभूमी आणि भडक रंग केवळ बिघाडासाठी, ही मांडणी आता या क्षेत्रात रूढ होत आहे. अलार्मविषयीच्या 'ईमुआ १९१' या मार्गदर्शिकेनुसार दीर्घकालीन सरासरीने दहा मिनिटांत एकाहून कमी अलार्म एका ऑपरेटरला पेलण्याजोगा असतो. सतत वाजणाऱ्या अलार्मकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही.

मराठी पडदा शक्य आहे. युनिकोड स्वीकारणाऱ्या पॅनेल्सवर एकाच बटणाने भाषा बदलता येते. मात्र संगणकावर नीट दिसणारी जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी पॅनेलवर विस्कटू शकतात. त्यामुळे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष पॅनेलवर 'प्रक्रिया', 'स्थिती' यांसारखे शब्द उमटवून पाहावेत.

शिकावे कोठे?

आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, तसेच अभियांत्रिकी पदविकेच्या इन्स्ट्रुमेंटेशन, विद्युत आणि मेकाट्रॉनिक्स शाखांतील विद्यार्थ्यांना हा विषय जवळचा आहे. छत्रपती संभाजीनगर येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये स्वयंचलनाशी संबंधित प्रशिक्षण मिळते. खासगी वर्गही पुष्कळ आहेत. तेथे प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पीएलसी आणि पॅनेल हाताळावयास मिळते काय, याची चौकशी करावी.

घरच्या घरी आरंभ करणेही अवघड नाही. विनामूल्य सॉफ्टवेअर, त्यातील सिम्युलेटर आणि संगणकावरील मॉडबस सिम्युलेटर एवढ्यावर पाण्याच्या टाकीचा एक छोटा प्रकल्प उभा राहतो. पातळी दाखवा, पंप चालू-बंद करा, टाकी भरल्याचा अलार्म द्या आणि मग मुद्दाम संपर्क तोडून पडदा काय सांगतो ते पाहा. ही शेवटची पायरी जो गाळत नाही, तोच पुढे विश्वासू प्रोग्रामर होतो.

इंटरनेटची जोडणी, जरा जपून

नोव्हेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अलिक्विप्पा येथील पाणीपुरवठा संस्थेच्या एका उपकेंद्रातील पीएलसी व पडदा एकत्र असलेले उपकरण घुसखोरांनी ताब्यात घेतले. कर्मचाऱ्यांना यंत्रणा हाताने चालवावी लागली. दुबळा पासवर्ड आणि थेट इंटरनेट जोडणी यांमुळे हे घडले असावे, असे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने नमूद केले. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि दूरस्थ देखभालीसाठी व्हीपीएनसारखा संरक्षित मार्गच वापरावा, हा त्यातील बोध.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

* सध्याच्या पीएलसीशी पॅनेल जोडून प्रात्यक्षिक दाखविता येईल काय?
* सॉफ्टवेअरचा परवाना कोणाच्या नावावर राहील?
* प्रकल्पाची मूळ, संपादन करता येणारी फाइल आणि पासवर्ड कारखान्याला मिळतील काय? अनेक पॅनेल्समधून ही फाइल परत काढता येत नाही. पुरवठादार दुरावला आणि पॅनेल जळाले, तर सारे काम नव्याने करावे लागते.
* बॅकलाइटचे आयुष्य किती तासांचे? ५० हजार तास म्हणजे अखंड वापरात पावणेसहा वर्षांहून थोडे कमी.
* हे मॉडेल बंद झाल्यास त्याच मापाच्या खाचेत बसणारे पर्यायी पॅनेल मिळेल काय?
* दुरुस्ती आणि सुटे भाग किती दिवसांत मिळतील?

या प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता खरेदीच्या आदेशात लेखी नमूद करून घेणे श्रेयस्कर.