कार्गो (चित्रपट)

कार्गो हा २०१९ सालचा हिंदी भाषेतील विज्ञानकथापट आहे. त्याचे लेखन व दिग्दर्शन मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांनी केले असून विक्रांत मॅसी व श्वेता त्रिपाठी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. २०१९ मध्ये मुंबईच्या मामि महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि ९ सप्टेंबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला.

कथानक

मानव व राक्षस यांच्यात शांतता करार झालेला आहे. मृतांना पुढील जन्मासाठी सिद्ध करण्याचे काम आता अंतराळसंस्थेच्या नोकरीतील राक्षस करतात. ‘पुष्पक ६३४ अ’ या यानावर प्रहस्थ (मॅसी) अनेक दशके एकट्याने हे काम करीत आहे. यानात येणाऱ्या मृतांना कार्यालयीन भाषेत ‘कार्गो’, म्हणजे माल, म्हणतात. त्यांच्याजवळच्या वस्तू काढून घेणे, जखमा बऱ्या करणे, स्मृती पुसणे व पुनर्जन्मासाठी पाठवणे हा ठरलेला क्रम असतो. निवृत्ती जवळ आलेल्या प्रहस्थाकडे युविष्का (त्रिपाठी) ही नवी साहाय्यक येते. पृथ्वीवरील वरिष्ठाची भूमिका नंदू माधव यांनी केली आहे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मधील दादासाहेब फाळके म्हणून ते मराठी प्रेक्षकांच्या परिचयाचे आहेत.

यान व नायक यांची नावे रामायणातील आहेत. पुष्पक हे कुबेराचे, पुढे रावणाने बळकावलेले विमान; प्रहस्त हा रावणाचा सेनापती.

तात्त्विक आशय

स्मृती पुसल्यावर जो जन्म घेतो तो कोण, हा चित्रपटातील मध्यवर्ती प्रश्न होय. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२–१७०४) याने व्यक्तीची ओळख शरीरावर किंवा आत्मद्रव्यावर नव्हे, तर जाणिवेच्या सातत्यावर आधारली. त्याचे मत ग्राह्य धरल्यास यानातील यंत्रापाशीच ती व्यक्ती संपते आणि पुनर्जन्म हा शब्द निरर्थक ठरतो. वेदान्ताच्या दृष्टीने मात्र स्मृती गेली तरी आत्म्याला बाध येत नाही. चित्रपट यांपैकी कोणताही पक्ष घेत नाही. हिरोकाझू कोरे-एदा यांच्या ‘आफ्टर लाइफ’ (१९९८) या जपानी चित्रपटात मृतांना आयुष्यातील एकच आठवण निवडून जपता येते. येथे तेवढीही मुभा नाही. विशेष म्हणजे इतरांच्या स्मृती पुसणारा प्रहस्थ स्वतः मात्र पूर्वीच्या प्रेयसीची, मंदाकिनीची (कोंकणा सेन शर्मा), आठवण सोडू शकत नाही. आंद्रेई तारकोव्हस्कीच्या ‘सोलारिस’मध्येही (१९७२) अंतराळस्थानकावरील नायकाची गाठ अखेर स्वतःच्या भूतकाळाशीच पडते.

विज्ञानाच्या काटेकोर कसोटीवर चित्रपट तोकडा पडतो. राक्षसांच्या शक्तींचे स्पष्टीकरण तो देत नाही आणि त्याची गतीही संथ आहे. मात्र मृत्यूला सरकारी कचेरीतील नित्यकामाचे रूप दिल्यामुळे विषय गंभीर असूनही बोजड होत नाही.

निर्मिती

निर्मात्यांमध्ये कडव यांच्यासह अनुराग कश्यप यांचा समावेश आहे. आयआयटी कानपूर येथे संगणकशास्त्र शिकलेल्या कडव यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होय. त्यानंतर त्यांनी ‘५५ किमी/सेकंद’ हा विज्ञानकथेवरील लघुपट केला. २०२५ मध्ये झी५ वर आलेला त्यांचा ‘मिसेस’ हा चित्रपट अंतराळाऐवजी स्वयंपाकघरात घडतो.