शेवटचा वेढा

आकाशकंदील घरी करणारी घरे आता कमी झाली. पण जिथे तो अजून होतो तिथे एक अडचण सर्वांच्या परिचयाची आहे. कामट्या तासून होतात, मापे जुळतात आणि मग सांध्यावर दोरा गुंडाळण्याची वेळ येते. गुंडाळेपर्यंत सारे ठीक चालते. शेवटी प्रश्न पडतो की, आता या टोकाचे करायचे काय? गाठ मारावी तर तिचे टेंगूळ कागदातून वर दिसते. न मारावी तर घटकेत सारे वेढे सुटून मोकळे! या प्रश्नाचे बिनगाठीचे उत्तर माणसाला फार दिवसांपासून ठाऊक आहे, आणि त्या उत्तराची खरी कसोटी लागली ती मासे धरण्याच्या काठीवर.

गळाने मासे धरणे हा केवळ पोटाचा उद्योग नव्हे, हे आपल्याकडे पूर्वीच मान्य झाले होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या राज्यात मोडत होता. राजाचे भोजन, वस्त्रे, हत्ती आणि रत्ने यांच्या पंक्तीला या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर शास्त्रीय निबंध लिहिला, तेव्हा कुठे विद्वानांचे तिकडे लक्ष गेले.

आम्हा निगडीकरांच्या एका अंगाला पवना आणि दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते आणि मुळा पुण्यात मुठेला. या मुळा-मुठेतल्याच एका माशाचे वर्णन कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली प्रसिद्ध केले आणि त्याचे ‘खुद्री’ हे नाव शास्त्राच्या दप्तरी दाखल केले. खुद्री हा महसीर कुळातला मासा. गळाला लागला की प्रवाहात असा काही मुसंडी मारतो की, दुबळी काठी मोडलीच समजावी. हेन्री सलिव्हन थॉमस या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले, त्यातही मानाचे पान महसिरालाच आहे. आज आमच्या नद्यांवर पाण्याऐवजी फेसच अधिक दिसतो. तरी लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महसिराची पैदास सुरू केली, म्हणून हे कुळ टिकून आहे.

आता काठीकडे वळू. नदीकाठच्या पोराचा गळ म्हणजे एक बांबू आणि त्याच्या शेंड्याला बांधलेली दोरी. परंतु मोठा मासा दूर पळू लागला म्हणजे ही दोरी अपुरी पडते. म्हणून काठीच्या बुडाशी चक्री आली. चीनमधील मा युआन या चित्रकाराच्या ११९५ च्या सुमाराच्या चित्रात अशी चक्री दिसते. इंग्लंडमध्ये तिचा उल्लेख १६५१ साली थॉमस बार्करच्या पुस्तकात येतो. चक्री आली की दोरी काठीच्या अंगावरून न्यावी लागते, आणि त्यासाठी ठिकठिकाणी कड्या हव्यात. त्या बसवायच्या कशा? बुरडाला विचारा, तो सांगेल की, बांबूला खिळा मारला की तो उभा चिरतो. नेमकी तिथेच काठी ताणाखाली मोडायची. तेव्हा कडीचे पाय काठीला दोऱ्याने बांधणे हाच मार्ग उरला.

एकोणिसाव्या शतकात या दोऱ्यावर आणखी मोठे काम येऊन पडले. अमेरिकेतील ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिपी नावाच्या बंदूककाराने १८४६ च्या सुमारास बांबूच्या कामट्या चिरून, सरसाने एकत्र चिकटवून काठी केली. १८७० नंतर हायरम लेनर्डने सहा कामट्यांच्या षट्कोनी काठ्या यंत्राने तासायला आरंभ केला. त्यासाठी बांबू जायचा तो हिंदुस्थानातून. कलकत्त्याच्या बंदरातून निघे म्हणून त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. आपण ज्याला मानवेल म्हणतो त्याच जातीचा हा चिवट बांबू. गंमत अशी की, सरस पाण्यात विरघळतो आणि काठीचा जन्म तर पाण्याकाठीच जायचा! म्हणून काठीला थोड्याथोड्या अंतरावर रेशमी दोऱ्याचे वेढे देऊन वर रोगण चढवत. त्या काळी दोरा सुटणे म्हणजे काठी उकलणे होते.

पुढे दोऱ्याचा भार उतरत गेला. कलकत्त्याच्या बांबूची जागा विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधल्या ‘टोंकिन’ने घेतली. पाण्याला दाद न देणारी कृत्रिम राळ आली आणि मधले वेढे अनावश्यक ठरले. १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला तेव्हा काचतंतूच्या काठ्यांना रान मोकळे मिळाले. १९७३ मध्ये कार्बनतंतूची काठी बाजारात आली. दोऱ्याकडे आता एकच काम उरले आहे, कड्या धरून ठेवण्याचे. तेवढे मात्र कोणी काढून घेऊ शकलेले नाही.

ते काम कसे होते पाहा. कडीचा पाय कानशीने इतका पातळ घासतात की, काठीवरून पायावर चढताना दोऱ्याला पायरी लागू नये. दोरा ताणलेला राहावा म्हणून रीळ पेल्यात ठेवून दोरा एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या पानांतून काढतात. शब्दकोशाचा हाही एक उपयोग आमच्यासारख्या शाळामास्तरांनी ध्यानात ठेवावा! आरंभीचे टोक काठीवर उभे धरून त्याच्यावरच पाचसहा वेढे घेतले की ते दबून बसते. पुढे काठी फिरत राहते आणि वेढ्याला वेढा लागत जातो.

शेवटचे सहासात वेढे राहिले की हात थांबवायचा. दुसऱ्या मजबूत दोऱ्याचा दुहेरी फासा काठीवर उभा ठेवायचा, त्याचा डोळा वेढे जिथे संपणार त्या बाजूला. राहिलेले वेढे या फाशावरून घ्यायचे. मग मूळ दोरा कापून त्याचे टोक डोळ्यात ओवायचे आणि फाशाची मागची टोके धरून हलकेच ओढायचे. दोऱ्याचे टोक आपल्याच वेढ्यांखाली शिरते. चांगला कारागीर हे टोक आधीच एवढे आखूड ठेवतो की, फासा बाहेर यावा आणि टोक मात्र आतच राहावे. म्हणजे नंतर पाते लावून वेढाच कापून बसण्याचा धोका नाही. फासा निघाल्यावर पडलेली फट गुळगुळीत दांडीने घोटून बुजवतात, उठलेले तंतू स्पिरिटच्या दिव्यावरून झर्रकन फिरवून जाळतात आणि मग रोगण देतात. ते सुकेपर्यंत काठी सावकाश फिरवत ठेवावी लागते, नाहीतर रोगणाचा ओघळ एका अंगाला जमतो.

ही करामत परकी समजण्याचे कारण नाही. ठुशी रेशमात गाठवून देणारा आपला पटवेकरी हेच करतो. दागिना उलटा केला तरी त्याच्या दोऱ्याचे टोक सापडत नाही. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मोटारी रिवाइंडिंग करणारी दुकाने आहेत. तिथे तांब्याच्या तारांची वेटोळी दोऱ्याने आवळून वर व्हार्निश देतात, कारण मोटारीच्या थरथरीत सैल तार फार दिवस टिकत नाही. नदीवरची काठी असो, गळ्यातली ठुशी असो की कारखान्यातली मोटार असो, दोरा ताणाने धरतो आणि टोक दिसू देत नाही.

या साऱ्यात शिकण्याजोगे आहे ते फाशाचे वेळापत्रक. फासा शेवटी ठेवता येत नाही. काम अजून रंगात असताना, सहा वेढे आधी, हात थांबवून तो ठेवावा लागतो. ज्याला त्याची आठवण शेवटच्या वेढ्यावर होते, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: टेंगूळ दिसेल अशी गाठ मारणे, किंवा मुकाट्याने सहा वेढे उलगडून मागे येणे. जुने कारागीर मागे येत असत.