वारली चित्रातील वृक्ष : चित्रपृष्ठाचे स्थित्यंतर

चित्रकलेच्या इतिहासात आकृतीचा विचार होतो. ती ज्या पृष्ठावर उमटते त्याचा सहसा होत नाही. वारली चित्रातील वृक्षाच्या बाबतीत ही उपेक्षा हानिकारक ठरते. कारण गेल्या अर्धशतकात या वृक्षाची रेखा ओळखू येण्याइतकी कायम राहिली, परंतु तिचे पृष्ठ समूळ बदलले.

मूळ पृष्ठ म्हणजे कुडाची भिंत. कारवीच्या काठ्यांवर माती व शेण यांचा लेप, त्यावर गेरू, शाईच्या जागी तांदळाच्या पिठाचे पाणी आणि लेखणीच्या जागी टोक चेचलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. विवाहप्रसंगी सुवासिनी या भिंतीवर चौक लिहीत. चौकात पालघाट ही सुफलतेची देवता आणि तिच्याभोवती वनस्पतिसृष्टी. मनुष्याची आकृती दोन त्रिकोणांत आटोपते. वृक्षाचे मात्र पान न् पान वेगळे काढले जाते. भिंत नव्याने सारवली की चित्र लोपे, व पुढील विवाहात ते पुन्हा लिहिले जाई. म्हणजे या वृक्षाचे चिरंजीवित्व द्रव्यात नव्हते, पुनर्लेखनात होते.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी हे चित्र कागदावर आले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांची चित्रे १९७५ च्या सुमारास मुंबईच्या केमोल्ड कलादालनात पोहोचली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेण व गेरू यांनी सारवलेल्या पृष्ठावरील त्यांचे वृक्ष आणि मासेमारीची विस्तीर्ण जाळी विख्यात आहेत. या स्थित्यंतरात कलावंताला नाव लाभले आणि चित्राला आयुष्य. मात्र ज्या सुवासिनींनी ही रेखा जपली, त्या बहुतांशी अनामिकच राहिल्या. कागदाने केलेले हे जतन अपुरे होते, असेच म्हणावे लागते.

मुंबईत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आरेच्या पाड्यांत वारली कुटुंबे राहतात व त्यांच्या भिंतींवर वृक्ष दिसतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तेथील २,१४१ झाडे तोडली गेली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली. याच मार्गाचे दक्षिण टोक असलेले कफ परेड स्थानक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. तेथून जवळच मच्छीमार नगर आहे, आणि त्या किनाऱ्यावर भरावाच्या कडेने तिवरे वाढली आहेत. तोडलेल्या झाडांविषयी सरकारी कागदात संख्या उरते; झाडाचा आकार मात्र उरत नाही. तो आकार ज्यांच्या हाताला अवगत आहे, त्यांची भिंत म्हणूनच ऐतिहासिक साधन ठरते.

तेव्हा अशा भिंतीची नोंद करताना वृक्ष कोणता, पृष्ठ कशाचे, ते शेवटचे कधी सारवले आणि चित्र कोणी लिहिले, या चारही गोष्टी टिपल्या पाहिजेत. त्यातही चौथी नोंद आजवर सर्वांत अधिक वेळा सुटली आहे.