धूळपाटीचा विलायतप्रवास

इ. स. १७८९ मध्ये डॉ. अँड्र्यू बेल यांनी मद्रासेतील एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख स्वीकारली. एके सकाळी घोड्यावरून रपेट करीत असता एका देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढीत बसलेली त्यांच्या दृष्टीस पडली. ही रीत त्यांनी आपल्या शाळेत आणावयाचे ठरविले. परंतु हाताखालचे शिक्षक ती चालवीनात. तेव्हा जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडेच त्यांनी अक्षरवर्ग सोपविला, आणि त्याने तो चालवून दाखविला.

बेल यांचा वृत्तान्त १७९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडात गाजला तो मात्र या हकीकतीचा उत्तरार्ध, म्हणजे एका शिक्षकाच्या खर्चात शेकडो मुले! जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांतही वाळू होती. पण कीर्ती झाली ती काटकसरीची. मुले लवकर का शिकली, हा प्रश्न मागे पडला. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे उत्तर वाळूतच आहे. डोळा, बोट व उच्चार एकाच वेळी कामास लागतात. चूक तळहाताने तत्क्षणी पुसली जाते, काही वाया जात नाही, म्हणून मूल न भिता पुन्हा गिरविते.

१८२२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीने पुढे मराठी शाळांत लँकेस्टरची पद्धत आणली. पंतोजींच्या शाळांत धुळाक्षरे होतीच. थोरल्या मुलाने धाकट्यास शिकवावे, हीही चाल तेथे जुनीच होती.