टेस्टारोसा हे नाव जगवलं कोणी?

मंडळी, या वीकेंडला थोडा गाड्यांचा इतिहास. म्हणजे गाड्यांचा कमी आणि कोर्टकचेऱ्यांचा जास्त :)

१९८४ साली फेरारीने टेस्टारोसा आणली. इटालियनमध्ये अर्थ 'लाल डोकं', कारण इंजिनाच्या डोक्यावरची झाकणं लाल रंगवलेली. १९९१ मध्ये हे मॉडेल थांबलं, पुढच्या आवृत्त्याही १९९६ मध्ये संपल्या. गाडी गेली, पण नावाचा ट्रेडमार्क कंपनीकडेच राहिला.

आता युरोपातला नियम आम्हा प्रोग्रामर लोकांना चटकन कळेल असा आहे. ज्या ऑब्जेक्टकडे कोणी बघत नाही ते मेमरीतून साफ होतं ना, तसंच. सलग ५ वर्षं नाव वापरलं नाही, तर ते रद्द करा असं कोणीही म्हणू शकतं. खेळण्यातल्या गाड्या विकणाऱ्या एका जर्मन व्यावसायिकाने नेमकं तेच म्हटलं, आणि २०१७ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कोर्टाने त्याची बाजू उचलून धरली.

प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथे ठरलं, की जुन्या गाड्यांसाठी त्या नावाने सुटे भाग विकणं हाही नावाचा वापरच. मग युरोपीय ट्रेडमार्कच्या वेगळ्या खटल्यात, जुलै २०२५ मध्ये, जनरल कोर्ट आणखी पुढे गेलं. अधिकृत डीलरांनी केलेली जुन्या टेस्टारोसांची विक्रीसुद्धा मोजली, कारण कंपनीची त्याला मूक संमती होती! फेरारी जिंकली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या '८४९ टेस्टारोसा'ला तेच नाव दिलं.

आता बघा, सुटे भाग विकले जातात ते कोणीतरी तीस-तीस वर्षं जुनी गाडी चालू ठेवतं म्हणून. डीलरकडे जुनी गाडी येते तीही कोणीतरी जपली म्हणून. नाव जगवलं शौकीन मंडळींनी, मालकी मात्र कंपनीची.

मग त्यांच्या हाती काय? १९९९ चा एक निकाल. हॉलंडमधल्या एका गॅरेजवाल्यावर बीएमडब्ल्यूने 'आमचं नाव जाहिरातीत का?' म्हणून खटला भरला होता. न्यायालय म्हणालं, मी या गाड्या दुरुस्त करतो, यात माझा हातखंडा आहे, हे नाव घेतल्याशिवाय सांगणार कसं? फक्त आपण कंपनीचेच आहोत असा भास होऊ द्यायचा नाही.

मला हा छोटा निकाल जास्त मोलाचा वाटतो. नाव विकायचा हक्क कंपनीकडे राहू दे हो, पण जो गाडी जगवतो त्याला निदान ते पाटीवर लिहिता यायला हवं.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.