डॉक्टर ‘नाही’

गोष्ट 15 मे 2007 ची. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुकांची जाहीर चर्चा चालू होती. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि मंचावर दहा जण उभे होते. त्यातल्या एकाहत्तर वर्षांच्या, किडकिडीत, जरा चिरक्या आवाजात बोलणाऱ्या एका डॉक्टरने सांगून टाकलं की, 11 सप्टेंबरचा हल्ला आभाळातून पडला नाही. आपण दहा वर्षं इराकवर बॉम्ब टाकत होतो, त्यांच्या भूमीवर आपले तळ आहेत, त्याचा हा उलटा तडाखा आहे. त्याच मंचावर न्यूयॉर्कचे माजी महापौर रुडी जुलियानी उभे होते. त्यांनी संतापून हे शब्द मागे घ्या म्हटलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी शब्द मागे घेतले नाहीत, उलट तोच मुद्दा पुन्हा मांडला. नऊ दिवसांनी पत्रकार परिषद घेऊन जुलियानींनी वाचावीत अशा पुस्तकांची यादीही त्यांनी जाहीर केली!

हे डॉक्टर म्हणजे रॉन पॉल. ती चर्चा मी एका मित्राच्या संगणकावर पाहिली. खरं सांगतो, मी भारावून गेलो. त्या काळात जगात कुठेही काही झालं की माझ्यासारख्या नावाच्या माणसाकडे लोक जरा थांबून बघायचे. अशा वेळी टेक्सासचा एक पुराणमतवादी, ख्रिस्ती, पांढरा म्हातारा आपल्याच पक्षाच्या तोंडावर असं बोलतो, याचं अप्रूप वाटणारच. आज त्या अप्रूपाचा हिशेब मांडायचा आहे.

पॉल यांचा जन्म 1935 चा, पेनसिल्वेनियातला. शिक्षणाने ते स्त्रीरोगतज्ज्ञ. टेक्सासमधल्या लेक जॅक्सन या छोट्या गावात त्यांनी दवाखाना थाटला आणि हयातीत चार हजारांवर बाळंतपणं केली. 15 ऑगस्ट 1971 रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. आपण राजकारणात आलो ते त्या दिवसामुळे, असं पॉल सांगत. एखादा माणूस उपासमार पाहून राजकारणात येतो, एखादा अपमान सोसून. हे गृहस्थ चलन पाहून आले! पण चलन खोटं झालं की सरकारला हवी तेवढी युद्धं लढता येतात, अशी त्यांची साखळी होती आणि ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेची अमेरिकेतली थोरली बहीण, ती बंदच करा, इथपर्यंत ही साखळी जाई.

अमेरिकेत या विचाराला लिबर्टेरियन म्हणतात. सरकारने पोलीस, न्यायालय आणि सीमेचं रक्षण एवढंच सांभाळावं, बाकी माणसाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं नाव शरद जोशींचं. तेही 1935 चेच, साताऱ्यात जन्मलेले. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाला 186 मतं पडली आणि विरोधात एकच, जोशींचं. प्रतिनिधिगृहात पॉलही असेच एकटे ‘नाही’ म्हणत, म्हणून त्यांचं टोपणनावच ‘डॉक्टर नो’ पडलं. दोघांची तुलना फार ताणू नये, पण एकटं पडण्याची दोघांनाही भीती नव्हती.

पॉल यांची ही ‘नाही’ तपासून पाहा. ऑक्टोबर 2001 मध्ये, हल्ल्याचा धूर विरला नव्हता तेव्हा, नागरिकांवर पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवणारा पॅट्रियट कायदा आला. प्रतिनिधिगृहातल्या फक्त तीन रिपब्लिकनांनी त्याच्या विरोधात मत दिलं आणि त्यात पॉल होते. वर्षभराने इराक युद्धाच्या ठरावाला विरोध करणारे रिपब्लिकन सहा. त्यातही पॉल होते. त्यांनी संसद सदस्यांचं निवृत्तिवेतन नाकारलं, कार्यालयाच्या खर्चातले उरलेले पैसे तिजोरीत परत केले. बोलणं आणि वागणं यांत फट नसलेला राजकारणी दिसला की तरुण पोरं वेडी होतात, मग तो आजोबांच्या वयाचा का असेना.

आणि पोरं वेडी झालीच. 5 नोव्हेंबर 2007 या एका दिवसात पाठीराख्यांनी इंटरनेटवरून 42 लाख डॉलरच्या वर वर्गणी गोळा केली. 16 डिसेंबरला, बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या त्याच्या स्मृतिदिनी, सुमारे 60 लाख. यात पक्षाची यंत्रणा नव्हती, हा घाट पाठीराख्यांनी स्वतःच घातला होता. कुणी तर त्यांच्या नावाचं हवाई जहाज भाड्याने घेऊन आकाशात सोडलं. मतं मात्र त्या मानाने आली नाहीत. 1988 मध्ये ते लिबर्टेरियन पक्षातर्फे उभे होते तेव्हा साधारण सव्वाचार लाख मतं, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. 2008 च्या पक्षांतर्गत लढतीत बारा लाखांच्या आसपास, 2012 मध्ये वीस लाखांवर. दोन्ही वेळा एकाही राज्याच्या मतदानात पहिला क्रमांक नाही.

आता उणी बाजू. अर्थशास्त्र मी लवकर आटपतो, कारण तो माझा प्रांत नव्हे. घरांच्या कर्जाचा फुगा फुटेल, असं त्यांनी 2003 मध्येच बजावलं होतं आणि तो फुटला. मात्र 2008 नंतर फेडरल रिझर्व्हने ओतलेल्या पैशामुळे डॉलर मातीमोल होईल, असं ते सांगत राहिले. पुढची दहाएक वर्षं अमेरिकेतली महागाई दोन टक्क्यांच्या आसपासच रेंगाळली. ती भडकली 2021-22 मध्ये, महासाथीनंतर.

त्याहून वाईट प्रकरण त्यांच्या नावाने निघणाऱ्या वार्तापत्रांचं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1990 च्या सुरुवातीला ही पत्रकं वर्गणीदारांना जात. त्यांत कृष्णवर्णीयांविषयी आणि समलिंगींविषयी जे छापलं होतं ते रेडिओवरून वाचण्याजोगं नाही. 1996 मध्ये विचारणा झाली तेव्हा पॉल यांनी, संदर्भ तोडून वाक्यं उचलली जात आहेत, अशी सारवासारव केली. पुढे म्हणाले, ती मी लिहिलीच नाहीत. जानेवारी 2008 मध्ये एका नियतकालिकाने जुनी पत्रकं उकरून काढली, तरी उत्तर तेच. लिहिली नसतील, मी मानतो. पण ज्या कागदाच्या डोक्यावर आपलं नाव आहे त्यात काय छापलं जातं हे वर्षानुवर्षं न पाहणारा माणूस देशाचा कारभार कसा पाहणार होता?

मला अडवणारा प्रश्न मात्र याहूनही वेगळा आहे. वार्तापत्रं हा त्यांच्या तत्त्वाशी झालेला दगा म्हणता येईल. मला अडचण आहे ती त्यांच्या तत्त्वाचीच.

2010 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये, कोसळलेल्या मनोऱ्यांपासून दोन चौक अंतरावर, एक इस्लामी केंद्र आणि नमाजाची जागा बांधायची योजना निघाली. देशभर गदारोळ उठला. त्यांच्या पक्षात विरोध करण्याची चढाओढ लागली. ऑगस्टमध्ये पॉल यांनी निवेदन काढलं, की या विरोधामागे द्वेष आहे. जागा ज्यांची, त्यांनी तिथे काय बांधावं हे सरकारने आणि जमावाने ठरवू नये. हे वाचताना मी अक्षरशः उठून उभा राहिलो.

पण त्यांचं एक जुनं मत मला ठाऊक होतं. 1964 च्या नागरी हक्क कायद्याला 2004 मध्ये चाळीस वर्षं झाली, तेव्हा प्रतिनिधिगृहाने गौरवाचा ठराव केला. बाजूने 414, विरोधात एक. तो एक कोण हे सांगायला नकोच. कारण काय? तर हॉटेलवाल्याने कुणाला जेवू घालावं हे सरकारने सांगणं, म्हणजे त्याच्या मालमत्तेवर अतिक्रमण. सरकारने कायदा करून लादलेली विषमता त्यांनाही नामंजूर होती, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. खासगी मालकाचा ‘नाही’ मात्र त्यांना पवित्र होता. मशिदीला ज्या खुंटीचा आधार दिला, त्याच खुंटीला ‘इथे काळ्यांना वाढत नाही’ ही पाटी लटकत होती.

1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. इतर माल त्यांना विकत मिळाला, पण खाण्याच्या गल्ल्यावर कॉफी मिळाली नाही. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. जुलैअखेर दुकान नमलं, ते धंदा बुडू लागला म्हणून. पॉल यांचे पाठीराखे म्हणतील, बघा, बाजारानेच न्याय केला. पण दक्षिणेतल्या इतर अनेक शहरांत अशाच मुलांना परक्याच्या जागेत बेकायदा थांबल्याबद्दल पोलिसांनी उचलून नेलं. म्हणजे मालकाच्या ‘नाही’मागे दंडुका सरकारचाच होता. सरकार तिथे आधीपासून हजर होतं, मालकाच्या बाजूने.

मालमत्तेचा हा मुद्दा आपल्याला नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. त्यांनी तिथे धर्मशास्त्र पुढे केलं नाही. त्यांचा दावा होता, की हे ‘चौधरी तळे’ आहे, खासगी मालमत्ता आहे. 14 डिसेंबरला मनाई हुकूम मिळाला. दावा दहा वर्षं चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळं नगरपालिकेचं ठरवलं. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं आणि उपाहारगृहंही आली, मालक कुणीही असो. राहत्या घरांचा उल्लेख तिथे नाही. अमेरिकेने घर विकताना आणि भाड्याने देताना असा भेद करायला 1968 मध्ये बंदी घातली. पुण्यात एका घरमालकाने माझं आडनाव ऐकून अनामत परत केली, तेव्हा तो चिडला नव्हता. चहा देऊन म्हणाला, घर माझं आहे, मी ठरवणार. त्यावर मला काही सुचलं नाही. वाक्य ओळखीचं होतं, मला आवडलेल्या डॉक्टरांचंच.

म्हणून पॉल यांना मला एकच विचारायचं होतं. महाडच्या कोर्टात ते तळं चौधऱ्यांचंच निघालं असतं, तर? विचारण्याची संधी मिळाली नाही. मिळाली असती तर त्यांनी उत्तर टाळलं नसतं, एवढं मी त्यांच्याविषयी खात्रीने सांगतो.